राजा मेला, तंबू लागले

सप्टेंबर १७१५. पॅरिसच्या उत्तरेला सां-दनी नावाचं गाव आहे. फ्रान्सच्या राजांना तिथल्या मठात पुरायची रीत होती. त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याकडेला छोटे छोटे तंबू लागले होते. आत माणसं पीत होती, गात होती, हसत होती. जत्रा कसलीच नव्हती. चौदाव्या लुईची शवपेटी त्या वाटेने जायची होती.

बघ्यांमध्ये वीस वर्षांचा एक पोरगा होता. पुढे तो लेखक म्हणून व्होल्तेअर या नावाने गाजला. तंबूंची हकिगत त्यानेच लिहून ठेवली आहे. प्रेतयात्रेतल्या मशाली घेऊन जेझुइट पंथाच्या पाद्र्यांची घरं पेटवावीत, असं काही जण बोलत होते म्हणे. राजाचा धर्मगुरू ल तेलिए जेझुइट होता, म्हणून राग तिकडे. दरबाराला लोकांच्या मनातलं कळत नव्हतं असं नाही. यात्रा रात्री काढली आणि पॅरिसचा मध्यभाग टाळून बाहेरून वळवली.

लुई १ सप्टेंबरला व्हर्सायला वारला. राजवैद्य फागों डाव्या पायाच्या दुखण्याला सायटिका म्हणत राहिला, निघालं गँग्रीन. वय ७६, त्यातली ७२ वर्षं गादीवर. (औरंगजेब भिंगारला वारला, त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. लांबलेल्या लढायांनी खजिना रिता करणारे हे दोघे समकालीन.) प्रजेने या ७२ वर्षांत काय पाहिलं? १६९३-९४चा दुष्काळ, ज्यात तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. १७०९चा हिवाळा, ज्यात नद्या गोठल्या, शेतातलं बी मेलं आणि आणखी सहा लाख माणसं दगावली. वर १७०१ ते १७१४ स्पेनच्या गादीसाठी युद्ध, आणि त्यासाठी १७१०पासून उत्पन्नाचा दहावा हिस्सा कर. मरणशय्येवरच्या लुईने पाच वर्षांच्या पणतूला सांगितलं, की बांधकामाच्या आणि युद्धाच्या हौसेत माझं अनुकरण करू नकोस.

एवढं वाचल्यावर तंबूंचं नवल वाटत नाही. पण १६८६मध्ये लुईवर भगंदराची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा याच पॅरिसने डोळ्यांत पाणी आणून त्याच्यासाठी प्रार्थना केल्या होत्या. व्होल्तेअरलाही हा विरोधाभास खटकला होता. मग खरं काय, ते अश्रू की हे हसू?

आधी हसण्याचं बघू. ‘मरणान्तानि वैराणि’ आपण लहानपणापासून ऐकतो, पण मेंदू ते फारसं मनावर घेत नसावा. २००६मध्ये टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये एक प्रयोग केला. माणसांना आधी पैशांच्या खेळात दोन भिडू दिले, एक सरळ वागणारा आणि एक लबाड. नंतर त्या दोघांना विजेचे झटके बसत असताना बघणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. सरळ भिडू कळवळला की बघणाऱ्याच्या मेंदूतले वेदनेशी निगडित भाग जागे होत. लबाडाच्या बाबतीत पुरुषांमध्ये ही सहवेदना ओसरली, आणि बक्षीस मिळाल्यावर सक्रिय होणारा भाग चेतला. ज्यांना सूड हवासा वाटत होता त्यांच्यात जास्त. बायकांमध्ये लबाडाबद्दलची सहवेदनाही बरीचशी टिकली. झटके शारीरिक असल्यामुळे हा फरक पडला असेल, अशी पुस्तीही संशोधकांनीच जोडली.

स्कॅनरमध्ये झोपवलेल्या सोळा पुरुषांवरून १७१५च्या गर्दीचा निकाल लावणं धाडसाचं होईल. शिवाय हा प्रयोग खासगी आनंदाबद्दल सांगतो. घरात कडी लावून हसणं वेगळं आणि रस्त्यावर तंबू ठोकून गाणं वेगळं. मला कुतूहल आहे ते या दुसऱ्या गोष्टीचं.

राग नवा नव्हता. १७०९च्या उपासमारीत पॅरिसमध्ये येशूच्या प्रार्थनेचं एक विडंबन हातोहात फिरत होतं. त्यात ‘स्वर्गातल्या बापा’ऐवजी ‘व्हर्सायमधल्या बापा’ला साकडं घातलं होतं, आणि कुठेच न मिळणारी भाकरी मागितली होती. पण हे सगळं कानाशी, दबक्या आवाजात. अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे: मनातली पसंती एक, चारचौघांत दाखवायची दुसरी. गंमत अशी की प्रत्येक जण दुसऱ्याचा फक्त मुखवटा बघतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं की राजावर चिडलेले आपण एकटेच.

एकटेपणा किती जड असतो, ते सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात साध्या रेघांवरून दाखवलं. दिलेल्या रेघेइतकीच लांब रेघ तिघींतून ओळखायची, पोरखेळ. पण बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देऊ लागले, की एकट्या पडलेल्या माणसाची जवळपास एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यासारखीच चुकायची. खोलीत एक जण जरी खरं बोलला, तरी चुका झपाट्याने घटायच्या. त्या खोलीत तर डोक्यावर ना पोलीस ना तुरुंग.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८मध्ये याचं गणित मांडलं. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: इतके जण पुढे झाले तर मी येईन. समजा, रस्त्यावर शंभर माणसं आहेत. पहिल्याला कुणाचीच सोबत नको, तो गायला लागतो. दुसऱ्याला एक गाणारा दिसला की पुरे, तिसऱ्याला दोन लागतात, असं करत शंभराव्याला नव्याण्णव. पहिल्याने सूर लावला की बघता बघता शंभरही गातात. आता एकच बदल करा. दुसऱ्या माणसाला एकाऐवजी दोन गाणारे लागतात असं धरा. पहिला गातो, दुसरा गप्प, तिसऱ्यालाही दोन हवेत म्हणून तोही गप्प. एक वेडा गातोय आणि नव्याण्णव जण जमिनीकडे बघतायत! दोन्ही गर्द्यांच्या मनात राजाबद्दल सारखाच तिरस्कार आहे, पण बाहेरून बघणारा एकीला बंडखोर म्हणेल आणि दुसरीला राजनिष्ठ.

राजाचं मरण हे उंबरठे एकदम खाली आणतं. भीती विरते. बातमी सगळ्यांना एकाच वेळी कळते, आणि ती सगळ्यांना कळली आहे हेही सगळ्यांना कळतं. शिवाय अंत्ययात्रा म्हणजे जमण्यासाठी सरकारनेच ठरवून दिलेली वेळ आणि जागा. एरवी शंभर माणसं एकत्र दिसली तर संशय येतो, त्या दिवशी गर्दी हे कर्तव्य असतं. वर द्राक्षारस होताच. अर्थात भीती विरते ती थोड्याच दिवसांसाठी. दोन वर्षांत व्होल्तेअरच बालराजाच्या वतीने राज्य चालवणाऱ्या नव्या कारभाऱ्याची टिंगल करणाऱ्या कवितांपायी बास्तीय तुरुंगात गेला आणि अकरा महिने आत राहिला.

म्हणजे १६८६चे अश्रू खोटे होते का? सगळे नसतील. तेव्हा दोन्ही दुष्काळ व्हायचे होते, माणसांची मतं बदलतात. पण नुसत्या गर्दीवरून मन वाचता येत नाही, मग ती हसणारी असो की रडणारी. पदरमोड करून लोक काय करतात ते पाहावं.

त्याचा एक सुरेख नमुना लुईच्या त्याच पणतूच्या, पंधराव्या लुईच्या, बाबतीत सापडतो. १७४४मध्ये तो मेट्झला आजारी पडला, तेव्हा त्याच्या आरोग्यासाठी लोकांनी पॅरिसच्या नोत्र दाममध्ये सहा हजार मिस्सा (दक्षिणा देऊन करवलेले प्रार्थनाविधी) सांगितल्याची नोंद दिली जाते. १७५७मध्ये त्याच्यावर चाकूहल्ला झाला, तेव्हा सहाशे. मे १७७४मध्ये तो देवीच्या रोगाने अंथरुणाला खिळला, तेव्हा तीन.

त्याचीही शवपेटी रातोरात, घोडे दौडवत सां-दनीला नेली. वाटेवरच्या लोकांनी आरोळ्या ठोकल्या, शिकारीत कुत्री सोडताना ठोकतात तशा. राजाला शिकारीचा फार नाद होता.