निर्णय होत नाही, की विचार थांबत नाही?

‘मनाचा निश्चय करू न शकलेल्या माणसाची ही शोकांतिका’, अशा अर्थाच्या वाक्यानं शेक्सपिअरच्या नाटकावरचा लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९४८ चा ‘हॅम्लेट’ चित्रपट सुरू होतो. अनिर्णय म्हटलं की या राजपुत्राचं नाव घ्यायची सवय त्याच्याही आधीची. मला ती पटत नाही.

पडद्याआड कुणीतरी आहे एवढं कळताच हॅम्लेट तलवार खुपसतो आणि राजाचा सल्लागार पोलोनियस मरतो. जहाजावर तो राजाचं पत्र फोडतो, मजकूर बदलतो आणि दोन जुन्या मित्रांना मरणाच्या दारी धाडतो. बापाचा खून करून राजा झालेला काका प्रार्थनेला बसलेला असताना हात आवरतो, पण त्यालाही कारण आहे: आत्ता मारला तर हा सरळ स्वर्गात जायचा! ही धरसोड नव्हे. निर्णय तो घेतो, विचार मात्र त्याची पाठ सोडत नाही. (आगरकरांनी १८८३ साली हे नाटक मराठीत आणताना नाव दिलं ‘विकारविलसित’. त्यात विकार आहे, अनिर्णय नाही.)

अनिर्णयाला फाटा लागतो. समोर दोन वाटा, आणि पाय तळ्यात की मळ्यात ते ठरत नाही. अतिविचाराला फाट्याची गरज नाही. एकाच सरळ वाटेवरही तो येरझाऱ्या घालतो. ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे. त्या पात्राला निर्णय बाहेरून आणून द्यायचा. डोकं शांत झालं तर तो अनिर्णय. घाणा फिरतच राहिला तर दुखणं दुसरंच.

अर्जुन घ्या. गीतेत तो पुन्हा पुन्हा एकच मागतो: जे श्रेयस्कर असेल ते मला ‘निश्चित’ सांग. पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात तर म्हणतो, या दोहोंपैकी एक काय ते सांग. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाचीच ही भाषा. अठराव्या अध्यायात संशय फिटल्यावर ‘करिष्ये वचनं तव’ म्हणून तो मोकळा होतो. पुढे भीष्मांसमोर त्याचा हात सैल पडतो खरा, पण ती माया. विचारांचा गुंता नव्हे.

रशियन कादंबरीकार गोंचारॉवचा ओब्लोमॉव (१८५९) त्याच जातीचा, फक्त रणांगणाऐवजी पलंगावर. घरमालक घर सोडायला सांगतोय, गावाकडून उत्पन्न घटल्याचं पत्र आलंय, आणि साहेब अंगरख्यातून बाहेर यायला तयार नाहीत. विचार तोही करतो, पण त्या विचाराला धार नाही, नुसती चालढकल. शेवटी एका विधवेच्या घरात त्याचे दिवस आपोआप मार्गी लागतात, काही ठरवायचं उरत नाही, आणि तो निवांत होतो.

आता दस्तयेव्स्कीचा तळघरातला माणूस (१८६४). एका अधिकाऱ्यानं त्याला वाटेतून सामान उचलावं तसं बाजूला केलं, एवढाच अपमान. त्यावर तो वर्षानुवर्षं झुरतो, पत्र लिहितो आणि पाठवत नाही. मग ठरतं: नेव्स्की रस्त्यावर समोरून यायचं, बाजूला सरायचं नाही. धक्का बरोबरीच्या माणसाचा वाटावा म्हणून कोटाला नवी फरची कॉलर हवी, आणि तिच्यासाठी वरिष्ठाकडून उसने पैसे! अखेर डोळे मिटून तो धक्का देतो. घरी येऊन गाणी म्हणतो. तीन दिवसांनी काय झालं ते मात्र सांगत नाही. म्हणतो, तुम्हीच ओळखा. काम तडीस गेलं, घाणा थांबला नाही.

आपल्या दुखण्याचं निदान हॅम्लेटनं स्वतःच केलंय: विचाराचे चार भाग केले तर एक शहाणपणाचा, तीन भित्रेपणाचे. गंमत अशी की हे स्वगत १६०४ च्या प्रतीत सापडतं, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात नाही. नेमका १६२३ चा संग्रह हाती आला तर राजपुत्र बराच कमी दोषी वाटतो.

एका पात्रापुढे मात्र माझी युक्ती हरते. एलियटचा प्रुफ्रॉक (१९१५) एका भारी प्रश्नाकडे निघालेला असतो, पण तो प्रश्न कुठला, हे कवितेत शेवटपर्यंत येत नाही. पीच खाण्याचं धाडस करू का, एवढंच विचारतो. याला उत्तर आणून द्यायचं तरी कशाचं?