लॉगबुकात दिसणारा भेदभाव

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्यामुळे आधी नकार दिला आणि नंतर पहिलं वर्ष चाचणीपुरतं, अशा अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. इतकी उघड अट आज कुणी घालत नाही. पण विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांत मुली चाळीस टक्क्यांहून अधिक असताना, देशातल्या संशोधन-विकासाच्या कामात २०२०-२१ मध्ये स्त्रिया होत्या १८.६ टक्के. या गळतीचा मोठा भाग रोजच्या कामाच्या वाटपात घडतो, आणि वाटप मोजता येतं.

अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. गटातल्या एकाने पुढे येऊन असं काम उचलायचं, ज्यात सगळ्यांचा फायदा पण उचलणाऱ्याचा कमी. स्त्री-पुरुष मिश्र गटांत हे काम स्त्रियांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा उचललं. फक्त पुरुषांचे आणि फक्त स्त्रियांचे गट केले, तेव्हा तो फरक उरला नाही. मग ‘बायकांचा स्वभावच तसा’ हे कारण टिकत नाही. गटात बाई असली की ती करेल असं सगळे धरून चालतात, तीसुद्धा.

प्रयोगशाळेत अशी कामं म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, रसायनांच्या साठ्याची नोंद, खरेदीच्या फायली, पाहुण्यांची व्यवस्था. ती आवश्यक असतात, पण त्यावर बढती मिळत नाही. बढती मिळते ती यंत्रावरच्या तासांमुळे, ग्राहकापुढच्या सादरीकरणामुळे, नवा प्लँट सुरू करून दिल्यामुळे. म्हणून विभागाने तीन महिने दोन तक्ते ठेवावेत: एकात पहिल्या प्रकारचे तास, दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारचे, प्रत्येकाच्या नावापुढे. यंत्राचे तास लॉगबुकातून, म्हणजे यंत्राच्या वापराच्या नोंदवहीतून घ्यावेत, आठवणीवर विसंबू नये. नंतर पहिल्या प्रकारची कामं तारखेनुसार पाळीने लावावीत. ‘कोण करेल?’ असं विचारलं की मामला पुन्हा तिथेच येतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांनी टेप घेऊन स्त्री आणि पुरुष प्राध्यापकांच्या प्रयोगशाळांची जागा मोजली होती. १९९९ च्या अहवालात संस्थेने भेदभाव मान्य केला, त्यामागे अशीच मोजमापं होती.

नुसती बेरीज मात्र फसवते. तास सारखे असले तरी कुणाला ते दुपारी मिळाले आणि कुणाला रात्री दोनला, हेही लिहावं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, नमुना रात्रीही मोजावा लागतो. तिथे घरापर्यंत गाडी आणि आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली नसेल, तर रात्रीची वेळ हळूहळू पुरुष सहकाऱ्यांकडे जाते आणि त्यासोबत निष्कर्षावरचं नावही. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांतही हेच: शहरातल्या रामबागेतून येणाऱ्या अभियंता मुलीला रात्रपाळीची बस घरापासून दूर, राऊच्या फाट्यावर सोडणार असेल, तर ती पाळी तिला मिळाली असं म्हणता येत नाही.

सुरक्षासाधनांकडे फारच कमी लक्ष जातं. स्टोअरमध्ये बूट सहा नंबरपासून पुढे, आणि तिला लागतो चार. सैल बुटाने शिडीवर पाय घसरतो. मोठा मास्क नाकाच्या कडेला आणि हनुवटीखाली गळतो; फिल्टर कितीही चांगला असला तरी हवा त्या फटीतूनच आत येते. धुळीच्या मास्कसाठी चाचणी सोपी आहे. मास्क लावलेल्या व्यक्तीच्या डोक्यावरून मोठा टोप घालून आत सॅकरीनचा फवारा सोडायचा. गोड चव लागली, तर तो मास्क तिच्यासाठी नाही. खरेदीच्या मागणीपत्रात मापांचा रकाना टाकला की अर्धं काम होतं.

बाळंतपणाची रजा कायद्याने २६ आठवड्यांची आहे, पहिल्या दोन मुलांसाठी. चूक होते ती मूल्यमापनात: उद्दिष्ट बारा महिन्यांचं, काम सहा महिन्यांचं, आणि शेरा ‘अपेक्षेपेक्षा कमी’. उद्दिष्ट हजेरीच्या महिन्यांच्या प्रमाणातच धरायला हवं. किरणोत्साराच्या कामात गरोदरपण कळवल्यानंतर गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. तो पाळायला तिला प्रकल्पातून काढावं लागत नाही. त्याच प्रकल्पातलं आकडेवारीचं विश्लेषण किंवा आराखड्याचं काम द्यावं, आणि बीमलाइनवर, म्हणजे किरणांनी नमुना मोजण्याच्या जागी, परतण्याची तारीख आधीच लिहून ठेवावी.

५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. पिथमपूरच्या कारखान्याचं पाळणाघर इंदूर शहरात ठेवलं, तर या चार फेऱ्या कागदावरच राहतात. ते कारखान्याच्या फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं, आणि पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास उघडायला हवं.