दैनंदिन पवित्रता (ख्रिस्ती)

आपले काम, पैसा, जीभ आणि घरातली नाती देवाच्या स्वभावाला शोभतील अशी ठेवण्याची ख्रिस्ती माणसाची आयुष्यभराची साधना. ईश्वरविज्ञानात या वाढीला ‘पवित्रीकरण’ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या (चर्च) ते नीतिमान ठरवले जाण्यापासून, म्हणजे देवाने माणसाला दोषमुक्त मानण्यापासून, वेगळे धरतात. विश्वासाने नीतिमान ठरवले जाणे एकदाच घडते आणि ते फुकट असते. पवित्रीकरण तिथून सुरू होऊन मरेपर्यंत चालते. आधी कृपा, मग आचरण, हा क्रम महत्त्वाचा. तो उलटला की पवित्रता म्हणजे देवाकडे भरायचा हप्ता होऊन बसते, आणि भाविक माणसे हप्ता चुकल्याच्या धास्तीत दिवस काढतात.

मूळ आज्ञा बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे : ‘तुम्ही पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे.’ येशूचा शिष्य पेत्र याने नव्या करारातल्या आपल्या पहिल्या पत्रात तीच पुन्हा सांगितली, त्यामुळे ती उपदेशात नेहमी कानावर पडते. अध्यायाचा पुढचा भाग मात्र तितका वाचला जात नाही, आणि खरे तर तोच वाचायला हवा. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, सरवा (कापणीत गळलेली कणसे) वेचू नका; तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. चहाड्या करत फिरू नका. पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा. तराजू खरा ठेवा, वजने खरी ठेवा. याच अध्यायात यज्ञाचे आणि विधींचेही नियम आहेत, पण ते मजुरी आणि मापाच्या नियमांच्या शेजारीच बसलेले आहेत. देवळातले वेगळे आणि बाजारातले वेगळे, अशी फाळणी तिथे नाही. जखऱ्या संदेष्ट्याने तर यरुशलेमेतल्या घोड्यांच्या घंटांवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ हे शब्द पाहिले आणि गावातले प्रत्येक भांडे परमेश्वरासाठी पवित्र ठरेल असे सांगितले. नव्या करारात पौल, याकोब आणि इब्री लोकांस पत्राचा लेखक हाच धागा पुढे नेतात. पवित्रतेशिवाय कोणालाही प्रभूला पाहता येणार नाही, हे त्या पत्रातले कठोर वाक्य प्रसिद्धच आहे.

पुढच्या शतकांत पवित्रता मठवासीयांचा प्रांत मानली जाऊ लागली. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने चांभार आणि शेतकरी यांचे काम संन्याशाच्या व्रताइतकेच देवाच्या पाचारणाचे ठरवले. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या मठाच्या स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स भांडी आणि प्रार्थना यांत फरक मानत नसत. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी परिपूर्ण प्रीती याच आयुष्यात शक्य आहे अशी शिकवण दिली. कॅल्विनच्या विचाराच्या रिफॉर्म्ड परंपरेने ती नाकारली, आणि तो वाद आजही मिटलेला नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये पवित्रतेचे पाचारण सर्व बाप्तिस्माप्राप्तांना आहे असे स्पष्ट सांगितले.

महाराष्ट्रातल्या सोलापुरात ही शिकवण आली तेव्हा जमीन कोरी नव्हती. जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला होता. मंगळवेढ्यात राहिलेल्या बसवेश्वरांच्या परंपरेने श्रमालाच कैलास मानले, आणि सिद्धरामेश्वरांच्या भक्तीची खूण म्हणून या शहरात तलाव उभा आहे. काम हीच पूजा, हे सोलापूरकराला पाद्रीसाहेबांकडून शिकायचे नव्हते. ख्रिस्ती शिकवणीचा वेगळा भर होता तो काम करणाऱ्याच्या आधी झालेल्या क्षमेवर.

1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे सुरू झाले. त्यातून उभी राहिलेली मंडळी उपदेश ऐकण्याइतकीच गाणारी आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी तिला पवित्रतेबद्दल वारकऱ्याच्या चालीत बोलायला शिकवले. याच लोहमार्गावर पुण्याकडे जाताना केडगाव लागते. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठे आत्मिक जागरण झाले. मुली रडत पापकबुली देत होत्या आणि त्याच आश्रमात विणकाम, शेती, छपाईही चालू होती. दोन्ही एका छपराखाली होते, हे रमाबाईंचे मोठेपण.

अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात एक जड पानही आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये (सक्तीच्या वसाहतीत) तारेच्या कुंपणात ठेवले जाई, हजेरी घेतली जाई. तिथले काही काम मिशनने अंगावर घेतले. शाळा आणि उद्योग चालवणाऱ्यांची तळमळ खरी होती, पण कुंपणही खरे होते. बाहेरून लादलेल्या शिस्तीला पवित्रता समजण्याची चूक इथे माणसांना महागात पडली. 1952 मध्ये तो कायदा देशभरातून गेला.

आजच्या शहरात दैनंदिन पवित्रतेची ठरलेली अंगे आहेत : पहाटेचे वचनवाचन, जेवणाआधी उपकारस्तुती, रात्रीची कुटुंबप्रार्थना, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणे), आजाऱ्याला भेट, प्रभुभोजनाआधी (मंडळीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी) भांडण मिटवणे. यांतले शेवटचे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे आहे. पण खरी परीक्षा पोटापाण्याच्या जागी होते. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. पाने, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून घरी येतो आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. माल द्यायला गेल्यावर तपासणारा जुडी (विड्यांचा जुडगा) हातात घेतो, बोटांनी विड्या फिरवतो आणि नापसंत त्या बाजूला टाकतो. याला छाट म्हणतात. पातळ किंवा तुटकी विडी बाजूला काढणे रास्त आहे. चांगल्या विड्याही छाटीत ढकलल्या, की बाईच्या दिवसभराच्या मजुरीला कात्री लागते. तो तपासणारा ख्रिस्ती असेल, तर त्याच्या पवित्रतेची कसोटी त्या बोटांतच आहे. रविवारी तो किती वेळ गुडघे टेकून होता, यावरून ती ठरत नाही. जुडीच्या पोटात कमी तंबाखूच्या विड्या लपवणाऱ्या बाईलाही हाच नियम. तंबाखूचा धंदाच करावा का, हा प्रश्न निर्व्यसनाचा आग्रह धरणाऱ्या मंडळीत उठतोच, आणि तो योग्यच आहे. मात्र तो आधी तिला नव्हे, तर तिला दुसरे काम न देणाऱ्या गावाला विचारायला हवा.

शेजारधर्माचा प्रश्न जानेवारीत येतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, गड्ड्यावर (यात्रेच्या मैदानावर) गर्दी होते आणि शेजारच्या घरून तिळगुळाबरोबर प्रसादही येतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले मार्गदर्शन इथे जसेच्या तसे लागू पडते : पुढे वाढलेले चौकशी न करता खा, कोणी मुद्दाम ‘हे नैवेद्याचे आहे’ असे सांगितले, तर त्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. यावरून काही मंडळ्या प्रसाद नम्रपणे नाकारतात, काही घरे तो शेजाऱ्याचे प्रेम म्हणून घेतात; तिळगुळाला सहसा कोणाची हरकत नसते. नाकारणाऱ्याने शेजाऱ्याचा अपमान होऊ देऊ नये आणि घेणाऱ्याने आपल्या दुर्बळ, म्हणजे विश्वासात कच्च्या, भावाला ठेच लागू देऊ नये, एवढी अट पौल दोघांनाही घालतो. प्रत्यक्षात बहुधा घरातली वडीलधारी बाई दारात उभ्या उभ्या हा निर्णय घेते, आणि नाताळला त्याच शेजाऱ्याकडे करंज्यांचे ताट तीच पाठवते.