मिठाने लोकरीचा रंग पक्का होत नाही

‘रंगाच्या पाण्यात मूठभर मीठ टाका, लोकरीचा रंग कधी जाणार नाही,’ असं आमच्या निपाणी-चिकोडीकडे अजून सांगतात. हे खरं नाही. मिठाचा उपयोग सुती कापडाच्या रासायनिक रंगांना होतो. तीच सवय लोकरीला चिकटली असावी. झाडपाल्याचा रंग लोकरीला धरून ठेवते ती तुरटी. तिच्यातलं अॅल्युमिनियम एकीकडे लोकरीच्या तंतूला आणि दुसरीकडे रंगाला बांधतं.

१०० ग्रॅम कोरड्या पांढऱ्या लोकरीला १० ते १२ ग्रॅम तुरटी पुरते. (घोंगडीची काळी लोकर घेऊ नका, तिच्यावर रंग दिसणारच नाही.) लोकर आधी भिजवा, तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवा आणि त्यातच निवू द्या. खळखळ उकळून ढवळलीत तर ती आवळून घट्ट गोळा होते. मग लोकरीच्या वजनाइतक्याच कांद्याच्या सालींच्या गाळलेल्या काढ्यात घाला: पाणी तांबूस, धागा मात्र सोनेरी निघतो.

हळदीचं मात्र तुरटीनेही भागत नाही. उन्हात ती उडतेच. पक्का लाल हवा तर मंजिष्ठा या वेलीची मुळं घ्या.

खात्री करायची तर धाग्याचं एक टोक वहीत दाबा, दुसरं पंधरा दिवस खिडकीतल्या उन्हात राहू द्या.