कीविनॉ: सरोवराच्या मर्जीने चालणारे ऋतू

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, मोहॉक गावापुढे महामार्ग 41 च्या कडेला एक उंचच उंच पट्टी उभी आहे. दिसते तापमापकासारखी, पण मोजते बर्फ. तिच्यावरची विक्रमाची खूण आहे 390.4 इंचांवर, 1978-79 च्या हिवाळ्याची. म्हणजे जवळजवळ 10 मीटर, तीन मजली घराएवढा बर्फ. हा सगळा एकाच वेळी साचलेला नव्हता. दर दिवशी पडलेल्या बर्फाची हंगामभराची ती बेरीज आहे. खाली पडलेला बर्फ दबतो, मधूनच वितळतो. पट्टीपाशी फोटो काढणारे पर्यटक हा फरक सहसा विसरतात. तरीही इथल्या कीविनॉ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एका हिवाळ्यात 200 इंच पडले तर त्याची बातमी होत नाही.

नकाशा पाहिला तर हे कोडे वाटते, कारण कीविनॉ ध्रुवाच्या जवळ मुळीच नाही. ती 47 अंश अक्षांशाच्या थोडी वर आहे, पॅरिसच्याही दक्षिणेला. कोड्याचे उत्तर सापडते काउंटीच्या हद्दीत. या काउंटीचा नऊ-दशांशाहून अधिक भाग पाणीच आहे, सुपीरियर सरोवराचे पाणी. जमीन उरते ती सरोवरात बोटासारखी घुसलेल्या द्वीपकल्पाचे टोक आणि दूरवरचे आइल रॉयल बेट, एवढीच.

सुपीरियरचा विस्तार सुमारे 82,000 चौरस किलोमीटर आणि खोली जास्तीत जास्त 406 मीटर. एवढे पाणी तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. नोव्हेंबरात कॅनडाकडून गारठलेली कोरडी हवा खाली उतरते, तेव्हा सरोवरात उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते. पाण्याचा पृष्ठभाग आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात साधारण 13 अंशांचा फरक पडला की हवा खालून तापते, बाष्प शोषते, वर चढते आणि ढगांचे लांब पट्टे तयार होतात. पुढे कीविनॉच्या डोंगरांची धार आडवी येते आणि ढग तिथेच रिते होतात. सह्याद्री अरबी समुद्राच्या ढगांना अडवतो, तोच हा प्रकार. इथे पडतो तो बर्फ. महाबळेश्वरच्या मानाने पाचगणी कोरडी असते, तसा इथेही काही मैलांत बर्फ निम्म्यावर येऊ शकतो. सरोवर गोठले की मात्र बाष्पच मिळत नाही आणि हिमवृष्टी मंदावते. पण सुपीरियर पूर्ण गोठणे दुर्मीळच.

या पाण्यामुळे इथले ऋतूच मागे सरकलेले आहेत. किनाऱ्यावर शरद रेंगाळतो, पण वसंत फार उशिरा येतो. मे महिन्यात झाडीत बर्फाचे ढीग सापडतात, जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्या येतात आणि सरोवराचे पाणी ऑगस्टच्या अखेरीस कुठे जरा सोसवेल इतके होते. उन्हाळा तसा नावापुरताच. थिंबलबेरीची आंबट लाल फळे तेवढ्यात पिकतात आणि लोक वर्षभराचा जॅम करून ठेवतात.

इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या कालगणनेत हा सगळा हिशेब आधीपासून आहे. मार्चच्या सुमाराचा चंद्र, म्हणजे चांद्रमास, आहे ओनाबनी, बर्फावर कडक साय धरण्याचा. दिवसा ऊन, रात्री गोठण, त्यामुळे पाय रुतत नाही आणि चालणे सोपे होते. त्यापुढचा चंद्र मेपलच्या रसाची साखर आटवण्याचा. कॅलेंडरातल्या चार ऋतूंपेक्षा हे वर्णन मला अधिक अचूक वाटते. 1842 च्या ला पॉइंट कराराने ही भूमी ओजिब्वेंच्या हातून अमेरिकी सरकारकडे गेली.

त्यामागे होते तांबे. राज्याचे भूवैज्ञानिक डग्लस हॉटन यांच्या 1841 च्या अहवालात इथल्या शुद्ध, धातुरूपातच सापडणाऱ्या तांब्याची नोंद होती. करार होताच माणसांची रीघ लागली. हे हॉटन स्वतः ऑक्टोबर 1845 मध्ये ईगल रिव्हरजवळ सरोवरातल्या वादळात होडी उलटून बुडाले. पुढे 1861 मध्ये कीविनॉ ही वेगळी काउंटी झाली आणि आज तिचे मुख्य ठिकाण तेच ईगल रिव्हर आहे.

खाणवाल्यांचे वर्ष सरोवर ठरवी. जहाजे चालत साधारण मे ते नोव्हेंबर. सरोवराच्या पूर्व टोकाशी सॉल्ट सेंट मेरीचे धबधबे ओलांडून देणारा कालवा 1855 मध्ये झाला, तोवर माल तिथे उतरवून पुढे दुसऱ्या जहाजात चढवावा लागे. शेवटचे जहाज गेले की वसंतापर्यंत पीठ, खारवलेले मांस, मेणबत्त्या, सारे गोदामात असेल तेवढेच. टपाल येई ते जंगलातून, कुत्र्यांच्या गाडीवरून किंवा हिमजोडे घातलेल्या माणसाच्या पाठीवरून. जमिनीखाली मात्र हिवाळा पोहोचत नसे, त्यामुळे काम बारमाही चाले. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार आपली पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, घेऊन आले, तर फिनलंडहून आलेल्यांनी सावना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, आणला. थंडीशी जमवून घेणे फिनिश लोकांना कुणी शिकवायला नको होते.

रस्त्यावरचा बर्फ तेव्हा हटवत नसत, दाबत असत. घोडे जुंपलेले मोठमोठे लाकडी रूळ फिरवून तो घट्ट केला की वरून घसरगाड्या पळत. बर्फ थापून बसवण्याला इथे आजही ‘पँक’ करणे म्हणतात. हटवण्याची गरज पडली मोटारी आल्यावर. 30 नोव्हेंबर 1926 ला ‘सिटी ऑफ बँगर’ हे जहाज 248 नव्या क्रायस्लर गाड्या घेऊन जाताना वादळात कीविनॉच्या टोकाजवळ रुतले. काही गाड्या सरोवरात गेल्या. उरलेल्या जहाजावरून बर्फाचा उतार करून खाली उतरवल्या आणि गोठलेल्या किनाऱ्यावरून चालवत कॉपर हार्बरला आणल्या. नव्याकोऱ्या मोटारींची ती रांग पाहायला मजा आली असती.

खाणी हळूहळू संपल्या. मंदीत लोकांच्या हाताला काम म्हणून 1933 मध्ये ब्रॉकवे डोंगरावरचा रस्ता बांधला. तो हिवाळ्यात आजही बंद असतो. 1968 च्या संपानंतर कॅल्युमेट अँड हेक्ला कंपनीने आपल्या खाणी गुंडाळल्या. 1910 मध्ये काउंटीत 7,000 हून अधिक माणसे होती, 2020 मध्ये 2,000 च्या आसपास. आता बर्फच धंद्याला आला आहे: स्नोमोबिलच्या वाटा, 2000 मध्ये सुरू झालेले माउंट बोहेमियाचे स्की केंद्र. पूर्वी ज्या बर्फाने माणसे अडकून पडत, तो कमी पडला की आता खानावळी रिकाम्या राहतात.

आणि सरोवर बदलते आहे. 1979 ते 2006 या काळात त्याच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढले. पाणी उबदार आणि बर्फाचे आवरण कमी, म्हणजे ऐन हिवाळ्यातही बाष्प मिळत राहणार. त्यामुळे तापमानवाढीने हिमवृष्टी लगेच घटेल असे सरळ गणित इथे मांडता येत नाही. परिणाम स्पष्ट दिसला तो आइल रॉयलवर. 1940 च्या दशकाच्या अखेरीस लांडगे गोठलेल्या सरोवरावरून चालत या बेटावर आले. तिथल्या मूस या मोठ्या हरणांची शिकार ते कशी करतात, याचा अभ्यास 1958 पासून चालू आहे. पुढे बेटाला किनाऱ्याशी जोडणारा बर्फाचा पूल क्वचितच होऊ लागला, नवे रक्त येईना आणि 2016 पर्यंत दोनच लांडगे उरले. 2018 आणि 2019 मध्ये 19 लांडगे मुख्य भूमीवरून आणि सरोवरातल्याच दुसऱ्या एका बेटावरून पकडून तिथे नेले. त्यातले बरेचसे विमानाने आणि हेलिकॉप्टरने.