वृत्तछायाचित्रण आणि बातमीतली भागीदारी

वृत्तछायाचित्रण म्हणजे फोटोतून बातमी सांगणं. बोलताना आपण सरसकट प्रेस फोटोग्राफी म्हणतो. साध्या फोटोत आणि बातमीच्या फोटोत फरक एवढाच की बातमीच्या फोटोला तारीख, ठिकाण आणि जबाबदारी चिकटलेली असते, कोण, कुठे, कधी असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे आणि जे घडलं तेच दिसलं पाहिजे, मागाहून उभं करून घेतलेलं चालत नाही. लोकांना वाटतं हा एकट्याचा खेळ, गळ्यात कॅमेरा, धावत गेला, क्लिक केलं, झालं. पण छापून आलेल्या फोटोमागे बातमीदार, वाट आणि भाषा माहीत असलेला स्थानिक माणूस ज्याला या धंद्यात फिक्सर म्हणतात तो, फोटो एडिटर, फोटोओळी म्हणजे फोटोखालचा मजकूर लिहिणारा उपसंपादक, पान लावणारा अशी रांगच असते, आणि फोटोत दिसणाऱ्या माणसाला तर कुणी मोजतच नाही.

श्रेय कुणाचं हा वादही या धंद्याइतकाच जुना. १८६२ मध्ये मॅथ्यू ब्रेडी या अमेरिकी फोटोग्राफरने न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीत अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या लढाईत मेलेल्यांचे फोटो लावले, रणांगणावर पडलेली प्रेतं खरी कशी दिसतात ते शहरातल्या लोकांना तेव्हा कळलं, नाव ब्रेडीचं झालं, पण ते फोटो काढले होते अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन यांनी. गार्डनर पुढे वेगळा झाला आणि १८६६ मध्ये स्वतःचा युद्धाचा अल्बम काढला तेव्हा प्रत्येक फोटोसोबत तो काढणाऱ्याचं नाव दिलं. म्हणजे फोटो क्रेडिट ही काही आजकालची मागणी नाही!

बाकी इतिहास बराचसा तंत्राचा आहे. आधी फोटोवरून लाकडी ठसे कोरून छापायचे, मग १८८० च्या सुमारास हाफटोन म्हणजे बारीक ठिपक्यांतून फोटो छापायचं तंत्र आलं आणि थेट फोटो छापता यायला लागला, १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका या छोट्या कॅमेऱ्याने फोटोग्राफरचे हात मोकळे केले, १ जानेवारी १९३५ पासून असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने तारेवरून फोटो पाठवायला सुरुवात केली. मग सचित्र साप्ताहिकांचा जमाना आला, आणि बातमीदार आणि फोटोग्राफर अशी जोडी पाठवायची पद्धत तिथे चांगलीच रुळली.

जोडीने काय होतं ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात दिसतं. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी दुष्काळी भागात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सुनील जाना कॅमेरा घेऊन होते आणि चित्रकार चित्तप्रसाद स्केचवही घेऊन. एकाचे शब्द, एकाचे फोटो, एकाची रेखाटनं, आणि हे सगळं पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या पत्रात आलं. नुसता हाडाचा सापळा झालेला माणूस बघून हळहळ वाटते, पण धान्य गेलं कुठे हे फोटो सांगत नाही, ते लिहावं लागतं. उलट नुसते आकडे लिहिले तर वाचणारा पान उलटतो.

दुसरं उदाहरण ब्रिटनच्या 'पिक्चर पोस्ट' या सचित्र साप्ताहिकाचं. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात बर्ट हार्डी फोटो काढायला आणि जेम्स कॅमेरून लिहायला असे दोघे गेले. इंचॉन बंदरावर सैन्य उतरलं त्याची त्यांची स्टोरी गाजली, पण त्याचबरोबर त्यांनी दक्षिण कोरियाच्या सरकारने राजकीय कैद्यांचे जे हाल चालवले होते तेही टिपून आणलं, आणि ही बाजू मित्रराष्ट्राची असल्यामुळे मालक एडवर्ड हल्टन यांनी ते छापायचं नाही असं सांगितलं. संपादक टॉम हॉपकिन्सन अडून बसले, त्यांची नोकरी गेली. इथे लक्षात घ्यायचं ते हे की कैद्यांच्या छळाबद्दल कॅमेरूनने नुसतं लिहिलं असतं तर लेखकाचं मत म्हणून उडवून लावता आलं असतं, हार्डीचे फोटो सोबत असल्यामुळे ते तितकं सोपं राहिलं नाही. माझ्या मते वृत्तछायाचित्रणाची किंमत समजायला हा एक किस्सा पुरेसा आहे.

डेस्कवरच्या माणसाचं काम कुणाला दिसत नाही. ८ जून १९७२ ला व्हिएतनाममध्ये नापाम या आग लावणाऱ्या बॉम्बच्या हल्ल्यातून पळणाऱ्या उघड्या मुलीचा फोटो असोसिएटेड प्रेस या एजन्सीच्या नग्नतेबाबतच्या नियमामुळे अडला असता, सायगॉनमधले फोटो एडिटर हॉर्स्ट फास यांनी तो पाठवायचाच असं ठरवलं म्हणून जगाने पाहिला. तो निक उट यांच्या नावावर आहे, पण २०२५ मध्ये तो दुसऱ्याच एका स्थानिक स्ट्रिंगरने, म्हणजे नोकरीत नसलेल्या, कामापुरते पैसे घेणाऱ्या फोटोग्राफरने काढला असा दावा झाला, एजन्सीने तपास करून क्रेडिट तसंच ठेवलं आणि बातमीच्या फोटोंना पुरस्कार देणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने आपल्यापुरतं ते स्थगित केलं. ५० वर्षांनीही वाद मिटत नाही, कारण स्ट्रिंगर नावाची जमात सगळ्या मोठ्या बातम्यांत असते आणि नोंदीत बहुतेक वेळा नसते. आता थोडं बदलतंय, २०१८ मध्ये रोहिंग्यांच्या फोटोंसाठीचं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या अख्ख्या फोटो टीमला मिळालं, त्यात दानिश सिद्दिकी होते, जे २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करताना मारले गेले.

फोटोओळ हा भाग चिल्लर समजतात पण घोळ तिथेच होतात. एकाच फोटोखाली वेगळी ओळ टाकली की बातमी उलटी होते, म्हणून एजन्सीत नाव, ठिकाण, तारीख फाइलच्या आतच भरून ठेवतात, जी माहिती मेसेजिंग अ‍ॅपवरून फॉरवर्ड होताना बहुधा गळून पडते आणि मग जुना फोटो नवा म्हणून फिरतो. फोटोत फेरफार तर सरळ नोकरी घालवणारा गुन्हा, २००३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या फोटोग्राफरने इराकमधले दोन फोटो जोडून एक केला आणि त्याला काढून टाकलं.

आणि तरी खर्च कपात आली की पहिली कुऱ्हाड फोटो विभागावरच. मे २०१३ मध्ये शिकागो सन-टाइम्सने पूर्णवेळ फोटो स्टाफमधल्या २८ जणांना एकदम घरी बसवलं आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायला शिकवायचं ठरवलं. बातमीदार फोटो काढू शकतोच की, प्रश्न तो नाही. जो माणूस प्रश्न विचारण्यात आणि नोंदी घेण्यात गुंतलाय त्याला समोरच्याच्या हाताची थरथर दिसायची कधी?

राहिला तो फोटोतला माणूस. जपानमधल्या मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने विषबाधा झाली होती, तिथे अमेरिकी फोटोग्राफर युजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन १९७१ पासून सुमारे ३ वर्षं राहिले. त्याला जपानी येत नव्हतं, बोलणं तिच्यामार्फत, फोटो दोघेही काढायचे आणि १९७५ च्या पुस्तकावर नावंही दोघांची. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो, अपंग जन्मलेल्या मुलीला आई अंघोळ घालतेय तो, आईच्या संमतीने आणि सहकार्यानेच झाला. मुलगी पुढे वारली. फोटो मात्र पोस्टरांवर, पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला, आईवडिलांना ते सहन होईना, तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयलीनने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि पुढे बरीच वर्षं तो फोटो नव्याने कुणाला छापायला दिला नाही.