थेंबभर चीक आणि प्रकाशाची साक्ष

गाईचे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, जवळजवळ नसतातच. माणसात ती आईच्या रक्तातून वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचतात, पण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या वारेची रचनाच अशी असते की हे मोठे रेणू पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत वासराचा रोगांपासून बचाव चिकावरच, म्हणजे गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधावरच, अवलंबून असतो. त्यातही वेळ फार थोडा मिळतो, कारण प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मापासून तासागणिक घटत जाते आणि साधारण २४ तासांत संपते.

म्हणूनच पहिल्या काही तासांत पाजायचा चीक कसदार आहे की नाही, हे गोठ्यातच कळणे गरजेचे आहे. रंगावरून किंवा दाटपणावरून बांधलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो. इथे रिफ्रॅक्टोमीटर हे साधे प्रकाशीय उपकरण कामाला येते. त्याच्या प्रिझमवर चिकाचा थेंब ठेवून झाकण मिटायचे आणि उपकरण उजेडाकडे धरून भिंगातून पाहायचे, म्हणजे वर निळा व खाली पांढरा भाग दिसतो आणि दोहोंमधली रेषा ज्या आकड्यावर येते तो आकडा वाचायचा. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप, १.३३३ असतो, विरघळलेले पदार्थ वाढले की तोही वाढतो आणि रेषा वर सरकते. चिकातल्या स्निग्धांशामुळे ती थोडी धूसर दिसते, त्यामुळे वाचनाचा हात बसायला सराव लागतो.

हे उपकरण प्रतिपिंडे पाहत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याची ब्रिक्स मोजपट्टी मुळात साखरेच्या द्रावणासाठी तयार झालेली आहे. चिकात मात्र विरघळलेल्या घटकांतला मोठा फरक प्रतिपिंडांमुळे पडतो, म्हणून संशोधकांनी असंख्य नमुन्यांचे ब्रिक्स आकडे प्रयोगशाळेतल्या थेट मोजणीशी ताडून पाहिले. त्यातून २२ टक्के ब्रिक्स म्हणजे लिटरमागे साधारण ५० ग्रॅम आयजीजी प्रतिपिंडे, हा व्यवहारात वापरण्याजोगा निकष मिळाला. पुढे वासराच्या रक्तद्रवाची तपासणीही याच उपकरणाने करता येते, तिथे ८.४ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर प्रतिपिंडे पुरेशी पोहोचली असे मानतात.

वैरणीच्या तपासणीतही प्रकाशाच्या आकड्याला असाच प्रयोगशाळेचा आधार द्यावा लागला. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात कार्ल नॉरिस धान्यातला ओलावा मोजण्यासाठी निकट-अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या लगत पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करत होते, कारण १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास पाणी हा प्रकाश जोरात शोषून घेते. १९७६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह हीच पद्धत वैरणीची प्रत ठरवण्यासाठी वापरून दाखवली. अडचण अशी की प्रथिने, तंतू आणि पाणी यांच्या शोषणाच्या खुणा वर्णपटात एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या सोडवायला संख्याशास्त्र लागते आणि त्या संख्याशास्त्राला आधार लागतो रासायनिक विश्लेषणाचा. प्रथिनांच्या बाबतीत तो आधार बहुधा केल्डाल यांच्या १८८३ सालच्या पद्धतीचा असतो. वाळवून दळलेल्या नमुन्यांवर बसवलेले समीकरण ओल्या मुरघासाला लावले, तर पडद्यावर आकडा उमटेल, पण त्यावर खुराक ठरवणे धोक्याचे आहे.

पिकांकडे पाहणाऱ्या संवेदकांनाही हीच मर्यादा आहे. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, तर पानाच्या आतली पेशीरचना निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंच्या गुणोत्तरातून पिकाचा जोम समजतो. पान पिवळे पडत आहे हे संवेदक लवकर सांगतो, परंतु कारण नत्राची कमतरता आहे, गंधकाची आहे की मुळांशी पाणी साचले आहे, हे त्याला सांगता येत नाही. यासाठी शेताच्या एका पट्ट्याला भरपूर नत्र देऊन बाकी पिकाची तुलना त्या पट्ट्याशी करण्याची पद्धत मला फार समंजस वाटते.

पशुसंवर्धनाच्या शिक्षणात या तुलनेलाच अधिक वेळ मिळायला हवा. विद्यार्थ्याने आधी शुद्ध पाण्यावर उपकरण शून्यावर आणावे, एकाच चिकाचे वाचन इतरांसह स्वतंत्रपणे करावे आणि आकड्यांत फरक पडला तर त्याचे कारण शोधावे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रात कास तापलेली दिसली, तर ऊन, ओलावा किंवा चिकटलेली घाण यांमुळे वाचन बिघडले नाही ना, हे तपासून दुधात उतरलेल्या शरीराच्या पेशींच्या (कायिक पेशींच्या) मोजणीनेच कासदाहाचा, म्हणजे कासेच्या सुजेचा, निष्कर्ष काढावा.

आकड्यानंतरचा निर्णयही त्याला घेता आला पाहिजे. वाचन १८ आले, तर पहिल्या पाजणीसाठी गोठवून ठेवलेला, आधी तपासलेला चांगला चीक काढावा, वासराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के इतका तो शक्य तितक्या लवकर पाजावा आणि कमी प्रतीचा चीक नंतरच्या पाजण्यांसाठी ठेवावा. गोठवलेला चीक कोमट पाण्यात सावकाश वितळवावा लागतो, कारण तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ज्या प्रतिपिंडांसाठी एवढी तपासणी केली, तीच निकामी होऊ लागतात.